दाखवायची खोली

शुक्रवार, सकाळचे पाच चाळीस. बोनकोडे गावठाणातल्या एका तीनमजली घराच्या जिन्याखाली गोजरा म्हात्रे वाकून उभ्या आहेत. जमिनीतल्या टाकीत पालिकेचं पाणी पडायला लागलं की आवाज आधी पोकळ येतो, मग भरीव होतो. भरीव आवाज येईपर्यंत त्या थांबतात आणि मग मोटारीचं बटण दाबतात. मोटारीच्या मागच्या भिंतीपलीकडे नऊ नंबरची खोली आहे. तिथं राहणारी मुलगी या आवाजानं जागी होते. गेल्या आठवड्यापर्यंत तिथल्या दोघी जाग्या व्हायच्या. एक सोडून गेली.

गोजराबाईंचं वय एकावन्न. घरात दहा खोल्या, मुली तेवीस होत्या, आता बावीस. दारावर पाटी आहे, 'मुलींसाठी राहण्याची सोय', खाली मोबाईल नंबर. मुली त्यांना आंटी म्हणतात. मोटार लावून झाली की त्या मजल्यामजल्यानं वर जातात आणि प्रत्येक दाराबाहेरच्या चपला बघतात. कोण घरात आहे, कोण गावाला गेली, कोणाकडे न विचारता मैत्रीण राहायला आली, हे त्यांना चपलांवरून कळतं. दार वाजवावं लागत नाही.

पहिल्या मजल्यावर तीन नंबरच्या दाराबाहेर चपला नाहीत. तिथं त्या थांबत नाहीत.

तीन नंबर ही या घरातली सगळ्यात चांगली खोली. गावठाणातली घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. बहुतेक खिडक्यांतून हात बाहेर काढला तर शेजाऱ्याच्या भिंतीला लागतो. तीन नंबरच्या खिडक्या मात्र देवळापुढच्या मोकळ्या जागेवर उघडतात. खोलीत दोन खाटा, टेबल, खुर्ची, पुस्तकांचं कपाट आणि आत स्वतंत्र न्हाणी. नऊ वर्षांपूर्वी गोजराबाईंनी मुली ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून खोली बघायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला हीच दाखवली जाते. राहायला ती कोणाला मिळालेली नाही. ती त्यांच्या मुलीची, मनस्वीची खोली होती.

म्हणजे मनस्वी नऊ वर्षांची असल्यापासून दाखवायच्या खोलीत वाढली. जून ते सप्टेंबर, प्रवेशाच्या दिवसांत, आठवड्यातून चार-पाच वेळा दार उघडायचं. सांगली, जालना, चिपळूण, कुठून कुठून माणसं आत यायची. बायका गादी दाबून बघायच्या, पुरुष खिडकीतून खाली बघायचे. मनस्वी लहान होती तेव्हा खाटेवर बसून असायची. सातवीनंतर टेबलाशी. कोणी विचारलं, "इथं अभ्यास होतो का ग?" तर म्हणायची, "हो, शांत असतं." ते खरंच होतं.

गोजराबाईंचाही यात एक नियम होता आणि त्या तो मोडत नसत. खोटं बोलायचं नाही. 'तुमच्या मुलीला ही खोली मिळेल' असं त्या कोणाला म्हणाल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "आमच्याकडं खोल्या अशा हायेत." कुटुंब समाधानानं गावी परतायचं. मुलगी ट्रंक घेऊन यायची त्या दिवशी तिला चार, सहा किंवा नऊ नंबरची किल्ली मिळायची. काही मुली रडायच्या, काही आठवडाभर बोलायच्या नाहीत. बहुतेक राहायच्या. तोवर कॉलेज सुरू झालेलं असायचं आणि दुसरीकडे जागा उरलेली नसायची.

हे घर उभं करायला गोजराबाईंना वीस वर्षं लागली. सासऱ्यांची भातशेती नवं शहर वसवताना सरकारनं घेतली, तेव्हा त्या लग्न होऊन आल्याही नव्हत्या. नवरा नामा तळोज्याला एका रसायनांच्या कारखान्यात कामाला होता. एकोणीस वर्षांनी खोकला घेऊन घरी बसला. गावातल्या इतरांनी बिल्डरला जागा दिल्या. गोजराबाईंनी दिली नाही. एक मजला चढवायच्या, दोन वर्षं थांबायच्या, पुढचा चढवायच्या. खोल्यांना नंबर बांधल्या त्या क्रमानं पडलेत. नऊ नंबर शेवटी बांधलेल्यांपैकी. आधी तिथं लाकडं आणि जुनी जाळी असायची. त्यांचं माहेर करावे गावातलं. आठ भावंडं, दोन खोल्या, दाराशी खाडी. स्वतःच्या मुलीला दोन खिडक्यांची खोली द्यायची हे त्यांनी ती जन्मायच्या आधी ठरवलं होतं. तीच खोली लोकांना दाखवायची हे नंतर सुचलं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी संगमनेरहून क्षिप्रा नावाची मुलगी आली. तिचे वडील शाळेत शिपाई. ते तीन नंबरमध्ये आले, खुर्चीत बसले, खिडकीतून वारा आला तसे मुलीकडे वळून म्हणाले, बघ, अभ्यासाला खोली अशी पाहिजे. मनस्वी तेव्हा अकरावीत होती. ती त्यांना बसायला जागा देऊन टेबलाच्या कडेला उभी होती. क्षिप्राला नऊ नंबर मिळाली.

नऊ नंबरला एक खिडकी आहे. ती उघडली की वीतभर अंतरावर शेजारच्या इमारतीचा गिलावा न केलेला भाग दिसतो. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. क्षिप्राला ऑगस्टमध्ये खोकला लागला, तो दिवाळीला घरी गेल्यावर गेला आणि परत आल्यावर परत आला. तिनं तक्रार केली नाही. तिनं वेगळीच गोष्ट केली. एका रविवारी ती तीन नंबरच्या दारात येऊन उभी राहिली आणि मनस्वीला विचारलं की दहा मिनिटं इथं बसून पप्पांना व्हिडिओ कॉल केला तर चालेल का. मनस्वीनं खुर्ची दिली. क्षिप्रानं केस नीट केले, खिडकी मागे दिसेल असा फोन धरला, आणि वडिलांशी बोलली. त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला ती यायची. दहा मिनिटांपेक्षा जास्त कधी बसली नाही.

गोजराबाईंना हे माहीत होतं. त्यांना यात आपला चांगुलपणा दिसला. दुसरी कोणी असती तर नको म्हणाली असती, असं त्या अजूनही म्हणतात.

पुढच्या जानेवारीत क्षिप्रानं कॉलेज आणि खोली दोन्ही सोडलं. जायच्या दिवशी ती मनस्वीला म्हणाली, "पप्पा अजून सगळ्यांना तुझ्या खोलीचं सांगतात. त्यांना वाटतं, मी एवढ्या चांगल्या खोलीत राहून पण शिकले नाही."

मनस्वी तिची ट्रंक रिक्षापर्यंत पोचवून आली.

यंदा जुलैत मनस्वीला फार्मसीला प्रवेश मिळाला. कॉलेज सीवूड्सच्या बाजूला, बोनकोड्याहून बसनं पाऊण तासावर. घरात पेढे आले. नामानं पेढा तोंडात ठेवला तेव्हाच मनस्वी म्हणाली की ती घरून जाणार नाही, कॉलेजजवळ हॉस्टेल बघणार आहे. गोजराबाईंना आधी गंमत वाटली. पाऊण तासासाठी हॉस्टेल? आणि तेही त्यांच्या मुलीनं? मग लक्षात आलं की मुलगी गंमत करत नाहीये. तेव्हा त्यांनी पैज लावल्यासारखी अट घातली.

"चल, मी येते तुझ्यासंगं. आपल्या घराहून चांगलं एक तरी दाखव. दाखवलंस तर जा. नाय दाखवलंस तर गप तीन नंबरात बस."

मनस्वी हो म्हणाली.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मायलेकी बाहेर पडल्या. गोजराबाईंनी नवी साडी नेसली होती आणि त्यांना हरण्याची भीती नव्हती. हॉस्टेल या विषयात त्यांना फसवणं अवघड आहे.

पहिली जागा नेरूळला, एका टॉवरमधले दोन फ्लॅट जोडून केलेली. स्वागताला बसलेल्या तरुणानं मोबाईलवर फोटो दाखवले, मग खोली दाखवली. एका खोलीत तीन खाटा, असं तो म्हणाला. गोजराबाईंनी बाथरूम कुठे विचारलं आणि आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर आल्या. लिफ्टमध्ये मनस्वीला म्हणाल्या, आत बादल्या पाच हायेत. पाचही ओल्या. खाटा तीन आणि पोरी पाच, दोघी खाली गादी टाकत असनार. मनस्वीनं ते वहीत लिहिलं.

दुसरी जागा बेलापूरला, मोठी, मेसवाली, दाराशी वॉचमन. वॉर्डननं दुसऱ्या मजल्यावरची खोली उघडली. नवी चादर, भिंतीला फिकट निळा रंग, खिडकीत तुळशीची कुंडी. गोजराबाईंनी नळ सोडून पाहिला, पंखा लावला, न्हाणीत डोकावल्या आणि वॉर्डनचे मनापासून आभार मानून निघाल्या. रस्त्यावर आल्यावर त्या हसल्या. धंद्यातली माणसं एकमेकांबद्दल बोलताना ठेवतात तसा मान त्यांच्या बोलण्यात होता.

"शिकलेली बाई हाय. त्या खोलीत कोनी ऱ्हात नाय. न्हानीच्या जाळीत एक केस नव्हता. पोरी ऱ्हातात तिथं जाळीत केस असतातच, किती बी धू."

मनस्वी म्हणाली, "आपल्याकडं असतात. माझे."

गोजराबाई चालत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की वडापाव खायचा का. मनस्वीला भूक नव्हती.

तिसरा पत्ता करावे गावातला होता. गोजराबाईंचं माहेर तिथून दोन गल्ल्यांवर. भाऊ कुंदन तिथंच राहतो. भावाला न सांगता त्याच्या गावात शिरल्याचं त्यांना अवघड वाटत होतं, म्हणून त्या पदर डोक्यावर घेऊन चालल्या. जुन्या घराचे वरचे दोन मजले, बारा खाटा. चालवणाऱ्या बाई जयमाला, इस्पितळात मेट्रन होत्या, आता निवृत्त. त्यांनी चहा विचारला नाही. किल्ली घेतली आणि सरळ वर गेल्या.

खोलीत तीन खाटा होत्या. दोन खाटांवर मुलींचं सामान पसरलेलं. तिसरी, रिकामी, दाराजवळ. खिडकीचा अर्धा भाग कपाटामागे गेलेला. त्या खाटेच्या डोक्याशी भिंतीवर ओलीचा मोठा डाग होता.

जयमालाबाईंनी सांगितलं की मोकळी खाट हीच आहे. ओल पावसाळ्यात वाढते, डिसेंबरात जाते. खाडी जवळ असल्यानं डास आहेत, मच्छरदाणी आपली आपण आणायची. पाणी सकाळी सहा ते आठ. वरच्या मजल्यावर एक बरी खोली आहे, पण ती भरलेली आहे, म्हणून दाखवत नाही.

गोजराबाई डागाजवळ गेल्या आणि बोटानं दाबलं. गिलाव्याचा तुकडा सुटून खाटेवर पडला. इतका सोपा विजय त्यांना अपेक्षित नव्हता. खोलीतल्या एका मुलीनं मान वर करून पाहिलं आणि परत पुस्तकात घातली.

"मॅडम, हे असं कोन दाखवतं का लोकांना?"

"राहायला हीच मिळणार," जयमालाबाई म्हणाल्या. "मग दुसरी कुठली दाखवू?"

त्या साध्या आवाजात बोलल्या. त्यांना गोजराबाई काय करतात हे माहीत नव्हतं. त्यांनी वाकून गिलाव्याचा तुकडा उचलला, खिडकीतून बाहेर टाकला आणि चादरीवरून हात फिरवला.

मनस्वीनं वही बंद केली. "मी इथं राहते," ती म्हणाली.

गोजराबाईंना वाटलं मुलगी चेष्टा करतेय. मग त्या चिडल्या. तिन्हींत ही सगळ्यात वाईट, हे काय आंधळ्यालाही दिसेल. अट काय ठरली होती? घराहून चांगलं. यात चांगलं काय आहे, डास की ओल? दोघी जिना उतरून खाली आल्या, फाटकापाशी थांबल्या, तेव्हा मनस्वीनं उत्तर दिलं.

"दाखवली ती मिळते, आई."

अर्जावर पालक म्हणून सही लागणार होती. नामानं केली. त्याच्याकडे पेन घेऊन गेलेल्या मुलीला त्यानं काही विचारलं नाही. याचा गोजराबाईंना जास्त राग आला. ती गेल्यावर त्यांनी नवऱ्याला फैलावर घेतलं. बाप म्हणून एक शब्द बोलता येत नाही? नामा खोकून घेऊन म्हणाला, "तळोज्याला साहेब तपासायला यायचा ना, त्या दिवशी आमी एकच शेड धुवायचो. त्याला तीच फिरवून दाखवायचे. मी एकोनीस वर्सं पल्याडच्या शेडमंदी होतो."



मनस्वीनं सामान नेलं त्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत कपडे आणि गादी. दुसऱ्या फेरीत पुस्तकं, टेबलावरचा दिवा, भिंतीवरचं वेळापत्रक. पुस्तकं उचलली तेव्हा गोजराबाई म्हणाल्या की जुनी तरी राहू देत, बारावीची आता काय लागणार? मनस्वीनं बारावीची आधी खोक्यात घातली.

गावात दुसऱ्या दिवशी कळलं. केशरबाई समोरच राहतात, आणि त्यांच्या घरी भाडेकरू टिकत नाहीत. त्या मासळीच्या पाटीपाशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तेवीस पोरींची आंटी, न आपली पोर दुसरीच्या खाटेवर." गोजराबाईंनी बोंबील निवडणं चालू ठेवलं. करावेहून कुंदनचा फोन आला. त्याचं दुखणं निराळं होतं. मामाचं घर दोन गल्ल्यांवर असताना भाची भाड्यानं राहते, गावातली माणसं त्याला विचारतात, त्यानं काय सांगायचं? बहिणीनं त्याला सांगितलं की कॉलेजचा नियम आहे. असा काही नियम नाही. पण भावाशी बोललेलं खोटं त्या धंद्यातल्या नियमात धरत नाहीत.

गणपतीत मनस्वी दोन दिवस आली. हॉलमध्ये, बापाच्या खाटेजवळ गादी टाकून झोपली. तीन नंबरची किल्ली गोजराबाईंनी तिच्यापुढे ठेवली होती. किल्ली सकाळी तिथंच होती.

त्यानंतरच्या रविवारी गोजराबाई डबा घेऊन करावेला गेल्या. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. भेटायची वेळ चार ते सहा. जिन्याखालच्या बाकावर बसायचं, वहीत नाव आणि नातं लिहायचं, वर जायचं नाही. हे सगळे नियम त्यांच्याही घरी आहेत. पलीकडच्या टोकाला बसून पाळायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आली. मनस्वी खाली आली. गालावर डास चावल्याचे दोन लाल ठिपके. ती बारीक झालेली नव्हती, हे गोजराबाईंनी आधी बघून घेतलं. खोकत नव्हती.

काही वेळ डब्याचं, बापाच्या औषधाचं, नव्या मेसच्या भाजीचं बोलणं झालं. मग गोजराबाईंनी जे सांगायला आल्या होत्या ते सांगितलं. पुरे झालं. सगळ्यांना दिसलं तू कशी हायेस ते. आता घरी ये.

मनस्वीनं खाऊन झालेल्या डब्याचं झाकण लावलं.

"तीन नंबर दाखवणं बंद कर. जी खाट रिकामी असेल ती दाखव. मी दुसऱ्या दिवशी येते. हॉलमध्ये झोपेन, तीन नंबर दोघींना भाड्यानं दे."

"मंग लोकांना काय दाखवू? नऊ नंबर?"

"हो."

"नऊ नंबर बघून कोन येल, बाय?"

"तुला माहितीये ना," मनस्वी म्हणाली, "मग तिथं पोरी कशाला ठेवतेस?"

सहा वाजता जयमालाबाईंनी घंटा वाजवली. गोजराबाईंनी रिकामा डबा पिशवीत टाकला. भावाच्या घरी न जाता त्या परत आल्या.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. गेल्या मंगळवारी परभणीकडचं एक कुटुंब आलं. आई, मुलगी आणि मुलीचा काका. प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्या अजून चालू आहेत, उशिरा नंबर लागलेल्यांची धावपळ असते. गोजराबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि जिन्याकडे न वळता तळमजल्याच्या बोळातून मागे नेलं. नऊ नंबरच्या दाराशी थांबल्या. किल्ली लावली, फिरवली. तेवढ्यात मुलीच्या आईनं बोळातला वास घेऊन पदर नाकाला लावला. नकळत लावला असेल. गोजराबाईंनी किल्ली उलटी फिरवली, काढून घेतली आणि म्हणाल्या की इथं मोटार हाय, खोल्या वरती हायेत, चला.

वरती तीन नंबरच्या खिडक्या उघड्या होत्या. टेबल रिकामं राहू नये म्हणून कोपरखैरण्याच्या रद्दीवाल्याकडून तीन जाड पुस्तकं आणून ठेवलेली आहेत. त्यातलं एक स्थापत्यशास्त्राचं आहे. ते कोणी उघडून बघत नाही. खुर्चीच्या पाठीवर मनस्वीची जुनी ओढणी टाकलेली होती. मुलीच्या काकानं खिडकीतून खाली बघितलं, समाधानानं मान हलवली आणि विचारलं की इथं कोण राहतं.

"माझी पोरगी," गोजराबाई म्हणाल्या. "कॉलेजात गेलीय. येल आता."

नऊ वर्षांत बघायला आलेल्या माणसांशी त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या. मुलीच्या आईनं न्हाणीत डोकावून पाहिलं. ती बाहेर येईपर्यंत गोजराबाई दारात उभ्या राहिल्या. जाळी कोरडी होती, तिच्यात एक केस नव्हता. त्या बाईला त्यातलं काही कळलं नाही. नाव नोंदवून ते गेले. नंतर काकाचा फोन आला की मुलीला दुसऱ्या गावचं कॉलेज मिळालं.

त्या मंगळवारी संध्याकाळी आईच्या मोबाईलवर मनस्वीचा फोन आला. आधी बापाशी बोलली, औषध घेतलं का विचारलं. मग आईला द्यायला सांगितलं. तिनं एकच विचारलं, आज कोणी आलं होतं का. गोजराबाई म्हणाल्या, आलं होतं. कुठली दाखवलीस, हे मनस्वीनं विचारलं नाही. उद्या प्रॅक्टिकल आहे म्हणून तिनं फोन ठेवला. तेव्हापासून ती बापाच्या मोबाईलवर फोन करते.

आज शुक्रवार. साडेसहाला टाकी भरली, गोजराबाईंनी मोटार बंद केली. आठ वाजेपर्यंत मुली डबे घेऊन बाहेर पडल्या. अकरा वाजता गोजराबाईंनी तीन नंबर उघडली, चादर बदलली, खिडक्यांच्या काचा कागदानं पुसल्या. पुस्तकांवरची धूळ झटकली, त्यातलं एक मध्येच उघडून पालथं ठेवलं, कोणी वाचता वाचता उठून गेल्यासारखं. न्हाणीत गेल्या. फरशी धुतली. जाळीपाशी वाकून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग डोक्यामागे हात नेला, अंबाड्यातून सुटलेला एक केस ओढून काढला आणि बोटावर धरून पाहिला. तो पांढरा होता. त्यांनी तो खिडकीबाहेर टाकला आणि खोलीला कुलूप लावलं.

उद्या शनिवार. मोटार पाच चाळीसला लागेल. साडेदहाला अंबाजोगाईहून एक कुटुंब खोली बघायला येणार आहे. त्यांना तीन नंबर दाखवली जाईल. रिकामी खाट नऊ नंबरमध्ये आहे.